माणसं पुसट, दारं स्पष्ट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांना दुसऱ्या कॅमेऱ्यांचे भाग बसवून देण्याचा धंदा करणारा, हे मृत्युपत्र आज माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मग म्हणाले, "झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"मन उदास वगैरे?"

मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "उदास नाही. काहीच नाही." हे त्यांनी दाखल्यात घातलं नाही, म्हणून मी इथे घातलं.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सगळं पत्नीच्या नावे होतं. ती दोन वर्षांपूर्वी वारली. दुसऱ्यात सगळं मुलीच्या नावे केलं आणि ते आजही बहुतेक तसंच आहे. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. ती कलम पाचमध्ये आहे. वकिलांना घाई असेल तर त्यांनी कलम पाच सोडून वाचलं तरी मिळकतीच्या वाटणीत काही फरक पडणार नाही. मुलीने मात्र सोडू नये.

कलम एक. राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, माळा आणि खाली रस्त्यावर उघडणारा कामाचा गाळा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलीच्या मालकीची होईल. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, काहीही करावं. वरच्या न्हाणीघराची खिडकी आतून काळ्या रंगाने रंगवलेली आहे. पत्नी तिथे फिल्म धूत असे. घेणाऱ्याला सांगून टाकावं, नाहीतर तो काच बदलण्याआधी उगाच डोकं खाजवत बसेल.

कलम दोन. बँकेत जे निघेल तेही मुलीचं.

कलम तीन. हत्यारं. लेथ, उभं ड्रिल, तीन मायक्रोमीटर, कानशींचा संच, आणि मुलीने तिच्या दवाखान्यातून आणून दिलेल्या आकड्या. मुलगी दातांची डॉक्टर आहे. तिथे बोथट झालेली आकडी शटरमधलं घट्ट झालेलं तेल खरवडायला फार कामाची. "बाबा, आपला धंदा एकच," ती म्हणायची, "तुमचं गिऱ्हाईक ओरडत नाही, एवढंच." आकड्या तिच्या तिला परत. बाकी सगळी हत्यारं मी जिथे शिकलो त्या तांत्रिक शाळेला द्यावीत. लेथची डाव्या बाजूची मूठ सैल आहे. ती घट्ट करू नये. तशीच बरी चालते.

माझा धंदा काय होता हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं लिहितो, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही. मोठ्या चौकोनी निगेटिव्हचे जुने कॅमेरे असतात. त्यांचे भाग मिळेनासे होतात, कधी त्यांची फिल्मच बनायची बंद होते. मग लोक माझ्याकडे येतात. एका कंपनीचा डबा, दुसरीची लेन्स, तिसरीची मागे लावायची फिल्मची पेटी, असं सगळं एकत्र संसाराला लावून द्यायचं. अडचण एकच असते. लेन्सच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं आणि परकी पेटी लावली की ते बदलतं. ते मधे पितळेची चौकट घालून पुन्हा जुळवावं लागतं. चौकट जाड झाली तर फोटोत पुढचं काहीतरी स्पष्ट येतं, पातळ झाली तर मागचं. ज्याच्यावर नेम धरला ते येत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेरा देण्याआधी फिल्म घालून, फोटो काढून, धुऊन बघायचा. माझ्या दुकानात हा नियम भिंतीवर लिहून लावलेला आहे. अक्षर माझंच आहे.

कलम चार. माझा पुतण्या माझ्याकडे चार वर्षं शिकला आणि मग त्याने चौकातच स्वतःचं दुकान थाटलं. तो चौकटी पितळेच्या न करता प्लास्टिकच्या करतो आणि गोंदाने चिकटवतो. त्याचे कॅमेरे उन्हात ठेवले की सांधे सोडतात आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. मी त्याच्याशी नऊ वर्षं बोललो नाही. या कलमात त्याला गोंदाची एक नळी ठेवायचा माझा विचार होता, आणि मागच्या मृत्युपत्रात तसं लिहिलंही होतं. कलम पाच लिहून झाल्यावर ते मी खोडलं. त्याचा कॅमेरा निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुटतो. त्याला माझ्या लेन्सच्या कड्यांची पेटी द्यावी. सगळ्यांवर मापं कोरलेली आहेत.

कलम पाच. माझ्या दिवंगत पत्नीचा कॅमेरा.

ती फोटोग्राफर होती. समारंभाचे फोटो पोटासाठी काढायची आणि माणसांचे स्वतःसाठी. माणसांना त्यांच्या घराच्या दारात उभं करायचं, त्यांच्याशी बोलत बसायचं आणि ती उभं राहणं विसरली की बटण दाबायचं, ही तिची रीत. लेन्सचं तोंड ती नेहमी पूर्ण उघडं ठेवायची. त्यामुळे एक थर तेवढा स्पष्ट येतो आणि पुढचं-मागचं विरघळतं. नेम चुकला तर सगळं गेलं. तिचा चुकत नसे.

सत्तावीस वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली जाणारं एक गाव तिने निवडलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाव उठायच्या आत तिथल्या प्रत्येक घराचा, घरातल्या सगळ्या माणसांसकट, दारात एक फोटो, असं तिच्या मनात होतं. एवढ्या फोटोंना रोल बदलत बसायला वेळ मिळणार नाही, म्हणून आधीच भरून ठेवता येतील अशा तीन पेट्या तिला हव्या होत्या. तिच्या कॅमेऱ्याला तशा पेट्या मिळत नव्हत्या. दुसऱ्या कंपनीच्या मी मिळवल्या आणि चौकट करायला घेतली.

त्याच आठवड्यात आणखी एका गिऱ्हाइकाचं तसंच काम होतं. दोन्ही चौकटी दिसायला सारख्या. तिची दोन पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर जाडीची, त्याची दोन पूर्णांक दोन. दोन्ही एकाच ताटलीत पडल्या होत्या. मधेच बातमी आली की धरणाचे दरवाजे ठरल्यापेक्षा आधी बंद होणार. ती दुपारी खाली आली. खांद्याला पिशवी, पायात बूट.

"झाला?"

"झाला."

"फिल्म घालून बघितलास ना रे?"

"बघितला."

बघितला नव्हता. चौकट बसवून अर्धा तासही झाला नव्हता. पण गाडी सुटायला वीस मिनिटं होती, ती दारात उभी होती आणि चाळीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही असं मी समजत होतो. तेव्हा खरं तर चौदाच वर्षं झाली होती.

ती नऊ दिवसांनी आली. एकतीस रोल. दोन दिवस न्हाणीघरात कोंडून घेऊन तिने ते धुतले. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली, "जरा वर ये."

टेबलावर छोटे छोटे फोटो पसरले होते. शेजारी भिंग. मी भिंग लावलं. पहिल्या फोटोत एक म्हातारा, त्याची सून आणि दोन पोरं दारापुढे उभी होती. दाराच्या फळ्यांच्या रेषा दिसत होत्या. कडीचे खिळे मोजता आले असते. माणसं मात्र पुसट होती. डोळे कुठे आणि हसू कुठे, काही धरलेलं नव्हतं. मी दुसरा बघितला. तिसरा. सगळीकडे दार स्पष्ट आणि माणसं पुसट. नेम बरोबर दोन हात मागे जाऊन बसला होता.

"तोंडावर धरलं होतं मी," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तोंडावरच धरलं होतं."

मला तेव्हाच कळलं. एक फोटो चुकला तर फोटो काढणारा चुकला. सगळेच्या सगळे सारखे चुकले तर चौकट चुकली. हे तिलाही माहीत होतं. म्हणून तिने विचारलं, "कॅमेरा तर नाही ना?"

"नाही. मी तपासलाय."

पहिल्यांदा खोटं बोललो ते घाईत. दुसऱ्यांदा घाई नव्हती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि आम्हाला दोघांनाही कुठे जायचं नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. फोटो एकत्र गोळा करत म्हणाली, "म्हणजे डोळे गेले माझे."

दुसऱ्या दिवशी ती डोळे तपासायला गेली आणि मी तिचा कॅमेरा उघडला. चौकटीवर सुईने कोरलेलं दोन पूर्णांक दोन. मी ती काढली. तिची चौकट त्या गिऱ्हाइकाकडे गेली होती, म्हणून नवी कापली, बसवली, आणि या खेपेला फिल्म घालून तपासली. दुपारी ती चष्मा घेऊन आली. अगदी किरकोळ नंबर होता. त्रेचाळिसाव्या वर्षी कुणालाही लागतो तो. चष्मा लावून तिने खिडकीतून समोरच्या घराचा एक रोल काढला आणि लगेच धुतला. स्वच्छ आला. "बघ," ती मला म्हणाली, "डोळेच होते."

कॅमेरा मी तेवढ्यात दुरुस्त केला नसता तर तिला कळलं असतं. मी तो मुद्दाम दुरुस्त केला असं मला आजपर्यंत वाटलं नव्हतं. लिहिताना वाटतं आहे.

पुन्हा जाऊन फोटो काढायला गाव राहिलं नव्हतं. त्यानंतर तिने माणसांना दारात उभं केलं नाही. "ज्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याने लोकांना उन्हात ताटकळत ठेवू नये," असं एकदाच म्हणाली. समारंभाची कामंही वर्षभरात सोडली. एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. नोकरी चांगली होती. पोरं तिला घाबरत आणि तरी तिच्याभोवती असत. आमचं भांडण झालं नाही. लोक आम्हाला सुखी जोडपं म्हणत आणि ते फारसं खोटं नव्हतं.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. अकरा वर्षांनी एकदा ती शर्टाला बटण लावत होती. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला आणि म्हणालो, "तुझे डोळे तसे..."

"वाईट आहेत, माहितीये. दे इकडे."

मी सुई दिली. एवढाच प्रयत्न.

ती तीन आठवड्यांच्या आजारात गेली. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, मग उघडलं. तेव्हापासून मी कामं करतो, जेवतो, मुलीचा रविवारी फोन येतो तो घेतो. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त दुधी काचेतून बघितल्यासारखं आहे आणि लेन्स कितीही फिरवली तरी ते स्पष्ट होत नाही.

सदर कॅमेरा, तीन पेट्यांसह, चालू स्थितीत, मुलीला देत आहे.

कलम सहा. निगेटिव्ह. हे कलम मिळकतीत धरायचं की नाही ते वकिलांनी ठरवावं.

पत्नी गेल्यावर मुलगी कपाट आवरायला आली. तळाशी तिला बुटांचं खोकं मिळालं. वर पत्नीच्या अक्षरात लिहिलं होतं: "दारं. वाया गेलेले." मुलगी ते खोकं घेऊन गेली. तिने गावात कुणाकडून तरी मोठे फोटो करून घेतले आणि गेल्या पावसाळ्याआधी मला फोन केला. "बाबा, ही कुठली माणसं?" मी सांगितलं. "मग त्यांना द्यायला नकोत?" मी म्हटलं, पुसट आहेत, कोण घेणार. ती म्हणाली, "चला तर खरं."

तिनेच गाडी चालवली. धरणाच्या अलीकडे त्या लोकांची वसाहत आहे. एकसारखी घरं, ओळीने, सगळ्यांना एकसारखे पत्र्याचे दरवाजे, त्यांवर आकडे. पहिल्याच घरापुढे एक ऐंशीच्या पुढची बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मुलीने तिच्या मांडीवर फोटो ठेवले. ती एकेक डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. मी बोललो, "माणसं नीट आलेली नाहीत. माफ करा."

तिने ऐकलं नाही. एका फोटोवर थांबली. बोटाने दाराची चौकट चाचपली.

"हे आमचं," ती म्हणाली. "हा बघा खालचा कोपरा. कुत्र्याने कुरतडलेला. सासऱ्यांनी त्याला मारायचं सोडून दारालाच शिव्या घातल्या होत्या." ती हसायला लागली आणि मग आत तोंड करून ओरडली, "अगं ये बाहेर! दार सापडलं!"

"माणसं मात्र..." मी पुन्हा म्हणालो.

"माणसं काय, आहोतच की आम्ही," ती म्हणाली. "तोंडं आहेत आमच्याजवळ. हे दार कुठं आहे?"

अर्ध्या तासात अंगणात तीसेक माणसं जमली. फोटो हातोहात फिरत होते. हे आमचं, नाही नाही तुमचं बिजागरं मोडलेलं होतं, हे आमचं. एका पन्नाशीच्या माणसाला दाराशेजारच्या भिंतीवर त्याच्या बहिणीने कोळशाने काढलेली मांजर दिसली. तो फोटो घेऊन एकटाच जाऊन घरामागे उभा राहिला. म्हातारीने मला विचारलं, "ती बाई कुठंय? फोटो घेऊन येते म्हणाली होती."

"वारली," मी म्हणालो.

"आम्हाला वाटलं, विसरली."

मुलीने खाली बसून तिचा हात धरला आणि म्हणाली, "नाही हो आजी. विसरली नव्हती."

मला तिथे बरं वाटायला हवं होतं. चूक झाली आणि तिच्यातून लोकांना त्यांची दारं मिळाली, असं कुणीही म्हणेल. पण मी उभ्या उभ्या हिशेब केला तो असा. मी त्या सकाळी "चौकट चुकली" एवढे दोन शब्द बोललो असतो, तर ती मला चार दिवस वाट्टेल ते बोलली असती आणि पाचव्या दिवशी हेच फोटो घेऊन इथे आली असती. हे अंगण तिला दिसलं असतं. ते तिला दिसू नये अशी व्यवस्था मी केली. डोळे तिचे चांगले होते.

परत येताना गाडीत मी मुलीला सगळं सांगितलं. पेट्रोल पंपाच्या पुढे तिने गाडी बाजूला घेतली.

"आईने पंधरा वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, बाबा."

"हो."

"आणि तुम्ही रोज तिला शाळेच्या दारापर्यंत सोडायला जात होता."

"हो."

"मला का सांगताय? मी काय करू याचं?" ती रडत होती. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा हे मला सुचलं, पण हात मांडीवरच राहिला. शेवटी तिने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. घरी सोडताना म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही लिहून ठेवा. सहीनिशी."

म्हणून सुरुवातीला "दडपणाखाली न येता" असं जे लिहिलं आहे ते या एका बाबतीत पूर्ण खरं नाही. ती अजून रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का विचारते. घेतल्या म्हणतो. त्या खरोखरच घेतलेल्या असतात.

कलम सात. माझ्या बँकेतल्या शिलकीतून आधी पुढील काम करावं आणि मग उरेल ते मुलीने घ्यावं. एकतीसही रोलांमधल्या प्रत्येक घराचा एक फोटो, भिंतीवर लावण्याइतका मोठा करून, लाकडी चौकटीत बसवून, त्या त्या घराच्या माणसांना नेऊन द्यावा. ज्या घराचं कुणी उरलं नसेल त्याचा वसाहतीच्या सभागृहात लावावा. फोटोखाली पत्नीचं नाव असावं. तिच्या नावापुढे "छायाचित्रकार" लिहावं, "दिवंगत" लिहू नये. प्रत्येक फोटोच्या मागे पुढील मजकूर असावा आणि त्यात एकाही शब्दाचा बदल करू नये:

"हा फोटो काढणाऱ्या बाईंचा नेम बरोबर होता. कॅमेऱ्यात चुकीची चौकट मी बसवली, न तपासता तपासली म्हणून सांगितलं, आणि चूक कळल्यावरही त्या असेपर्यंत, पंचवीस वर्षं, त्यांना सांगितलं नाही. त्या विसरल्या नव्हत्या."

खाली माझं नाव आणि धंदा.

कलम आठ. माझ्या देहाची विल्हेवाट मुलीच्या सोयीने लावावी. तिचा दवाखाना बंद राहील अशा दिवशी मरण्याचा मी प्रयत्न करीन.

या मृत्युपत्राचा अंमल करण्यासाठी मी मुलीची नेमणूक करत आहे. तिने नकार दिला तर तिला कारण विचारू नये आणि काम पुतण्याला द्यावं. गोंद वापरायचा नाही, हे त्याला सांगावं.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो बरोबर आहे. सही मी दोन्ही साक्षीदारांसमोर केली. साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असण्याची गरज नसते असं वकील म्हणाले होते. तरीही मी कलम पाच दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ते आजवर मी मोठ्याने कधी वाचलं नव्हतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई खाली मान घालून बसल्या. शेजारच्या गाळ्यातले शिंपी सवयीने बोटांनी माप धरून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "फरक केवढा होता म्हणालात?"

"चार दशांश मिलिमीटर."

"म्हणजे दोऱ्याएवढा," ते म्हणाले आणि पेन मागितलं.

स्थळ: कामाचा गाळा, लेथशेजारचं टेबल
दिनांक: ९ मार्च २०२४, शनिवार, सकाळ

लिहून देणार: (सही) कॅमेऱ्यांचा कारागीर

साक्षीदार एक: (सही) शेजारच्या गाळ्यातले शिंपी
साक्षीदार दोन: (सही) समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई